ओळखीचा खेळाडू, अनोळखी मालक

नागझिऱ्याच्या अरण्याकाठच्या गावांत धानाची कापणी आटोपली, की रिकाम्या बांध्यांतून पोरांचे चेंडूचे डाव सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात तिकडच्या एका शिबिराहून परतताना अशाच एका डावापाशी मी थांबलो होतो. दहा-बारा वर्षांच्या एका मुलाच्या अंगात युरोपातील एका बड्या क्लबचा नकली सदरा होता आणि त्या क्लबच्या अकराही खेळाडूंची नावे त्याला तोंडपाठ होती. त्याला मी विचारले, ‘तुला कधी कुठला फुटबॉलपटू प्रत्यक्ष भेटला आहे का?’ तो नुसता हसला. खेळाडू ही भेटण्याची गोष्ट असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

माझे बालपण कोल्हापुरात गेले, म्हणून तो प्रश्न मला सुचला. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तेथील तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही केवळ संघांची नावे नव्हेत, ते पेठांचे पत्ते आहेत. आमच्या पेठेचा एक बचावपटू उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत कामाला होता. शाहू स्टेडियमवर हजारो लोक ज्याच्या नावाने ओरडत, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कट्ट्यावर आमच्याच शेजारी पेला घेऊन उभा असे. नखांत भट्टीची काळी रेती असे. सामना हरला असेल तर म्हातारीकोतारी त्याला तिथेच जाब विचारत आणि तो निमूटपणे ऐकून घेई. एकदा माझ्याकडे वळून तो म्हणाला, ‘काय रं, काल शाळा बुडवून मॅच बघाय आलतास न्हवं?’ मी शरमलो. पण आपल्या संघाचा खेळाडू आपल्याला ओळखतो, या आनंदात ती शरम कुठल्या कुठे गेली.

अशा आठवणी कोल्हापूरच्या घराघरांत आहेत. त्यांना भाबडेपणा म्हणून निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. या आठवणींत एक सामाजिक संबंध साठवलेला आहे. प्रेक्षक तेथे गिऱ्हाईक नव्हता आणि खेळाडू हा विक्रीचा माल नव्हता. दोघे एकाच गल्लीत राहणारे, एकाच नळावर पाणी भरणारे श्रमिक होते. हरल्याचा जाब विचारण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच खऱ्या अर्थाने त्या संघाचा धनी. आज आपल्यापासून हिरावला जात आहे तो हा अधिकार.

मुंबईचे उदाहरण घ्या. तेथे संघ कंपन्यांचे होते. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र यांचे खेळाडू त्या त्या आस्थापनांशी बांधलेले. कूपरेजवर त्यांना पाहणारा कामगार त्यांना आपल्यातलाच मानी. पण संघ कामगारांचा मानला गेला तरी त्याचे कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात होती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रच्या संघाने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो संघ विसर्जित केला. २००७ साली उभा राहिलेला मुंबई एफसी २०१७ साली संपला. त्यांच्या चाहत्यांना कोणी विचारले? विचारण्याची गरजच काय! दुकानदार दुकान बंद करताना गिऱ्हाइकाची अनुमती घेत नाही.

पुढचा अध्याय याहून बोलका आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांच्या करारान्वये विकून टाकले. त्यातून इंडियन सुपर लीग जन्माला आली. मुंबई सिटी या तिच्यातील क्लबचा ६५ टक्के हिस्सा २०१९ साली सिटी फुटबॉल ग्रुप या बहुराष्ट्रीय समूहाने घेतला. करार संपत आला आणि नवा ठरेना, तेव्हा २०२५ च्या जुलैत पुढचा हंगामच स्थगित ठेवण्यात आला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. डिसेंबरात त्या बहुराष्ट्रीय समूहाने आपला हिस्सा सोडून काढता पाय घेतला. ज्यांना आपण आपला संघ म्हणत होतो, त्याचे भवितव्य ज्या खोलीत ठरत होते, तिच्या दाराशीही आपल्याला जागा नव्हती. खेळाडूही आता भेटतो तो जाहिरातदाराच्या मंडपात, नेमून दिलेल्या वेळी, दोरीच्या पलीकडून.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. ‘तुमच्या त्या गल्लीतल्या खेळाडूला मिळाले काय? गुडघा मोडला तर औषधाला पैसे नव्हते. आज निदान काहीजणांना तरी खेळावर पोट भरता येते.’ हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. फौंड्रीत आठ तास राबून संध्याकाळी पेठेसाठी धावणाऱ्या माणसाचे दारिद्र्य गौरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण खेळाडूला न्याय्य वेतन हवे, यावरून संघाची मालकी शेटजीकडे हवी, हे कसे सिद्ध होते? काही अपवाद वगळता जर्मनीतील व्यावसायिक क्लबांत निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या संस्थेकडेच ठेवावा लागतो. तेथील खेळाडू काही उपाशी मरत नाहीत! आणि खाजगी मालकीने वेतनाची हमी दिली असती, तर २०२५ मध्ये पगार थांबले नसते.

दुसरे सत्य आपल्या घरातले आहे आणि ते अधिक कडू आहे. कोल्हापूरच्या तालमीही या रोगापासून मुक्त राहिलेल्या नाहीत. पुढाऱ्यांच्या फलकांखाली स्पर्धा भरतात, बक्षिसांच्या रकमा फुगतात आणि चषकासाठी बाहेरून, थेट आफ्रिकेतूनही, हंगामापुरते खेळाडू आणले जातात. त्या परक्या खेळाडूंवर राग धरणे हा करंटेपणा आहे. तेही पोटासाठी देश सोडून आलेले श्रमिकच आहेत आणि पेठेने त्यांना घरी जेवायला बोलावले, तर तेही पेठेचे होतील. दोष आहे तो त्यांना केवळ भाड्याचे पाय समजणाऱ्या व्यवहाराचा. जेथे पैसा कोठून आला हे सभासदाला कळत नाही, तेथे त्याच्या हाती फक्त ईर्ष्या उरते, आणि त्या ईर्ष्येचे पर्यवसान मैदानावरच्या हाणामाऱ्यांत होते.

या अवस्थेला आपणही जबाबदार नाही काय? १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत संध्याकाळचा खेळ हा कार्यक्रमाचा प्राण होता. पुढे आपल्यातील विद्वानांना खेळ ही जनतेला दिलेली अफू वाटू लागली. आपण परिसंवाद भरवले आणि मैदान धनदांडग्यांना मोकळे करून दिले. तालमीच्या पायरीवर बसलेला तरुण आपल्याला दिसला नाही. निवडणुकीतल्या उमेदवाराला मात्र तो नेमका दिसला.

तेव्हा मागण्या स्पष्ट असू द्या. प्रत्येक तालमीने आणि मंडळाने सभासदांची नोंदवही ठेवावी व एक सभासद, एक मत या तत्त्वाने कारभारी निवडावेत. देणगीदारांची नावे आणि खेळाडूंवरील खर्च दरवर्षी फळ्यावर लिहावा. दुखापतीच्या उपचारांसाठी बक्षिसाच्या रकमेतून निधी बाजूला काढावा. आणि शासनाने चकचकीत स्टेडियमांच्या घोषणा करण्यापूर्वी तालुक्यातालुक्यांत गवत असलेले, कुंपण नसलेले एकेक मैदान द्यावे. हे अशक्य नाही. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावाला मालकाच्या दुसऱ्या क्लबचे नाव चिकटवण्यात आले, तेव्हा समर्थक तीन वर्षे हटले नाहीत. २०२३ मध्ये ते नाव काढावे लागले. मालकी बदलली नाही हे खरे, पण मालकाला ऐकावे लागले.

नागझिऱ्याकाठच्या त्या मुलाला युरोपातल्या खेळाडूंची नावे पाठ आहेत, याचे मला वैषम्य नाही. चांगला खेळ कोठलाही असो, त्यावर प्रेम करावे. पण गोंदिया जिल्ह्यात त्याच्या हाकेच्या अंतरावर असा एक संघ असावा, ज्याचा खेळाडू बाजाराच्या दिवशी त्याला भेटेल, नावाने हाक मारील आणि शाळा बुडवल्याबद्दल दटावील. तो संघ कोणी शेटजी आणून देणार नाही. तो आपल्यालाच उभारावा लागेल.