गाडी हलवण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या चिखलवाटांवर जीप उतरतात आणि आपल्या सर्वेअर, मेकॅनिक व मोटार वाहन निरीक्षक वाचकांकडे त्यांचे अपघातही येऊ लागतात. अहवालात कारणाच्या रकान्यात बहुधा दोनपैकी एक शेरा असतो: 'ब्रेक फेल' किंवा 'ब्रेक सुस्थितीत, चालकाचा निष्काळजीपणा'. दोन्ही शेरे गाडी गॅरेजला ओढून आणल्यावर लिहिले जातात. आमचा आक्षेप त्यालाच आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की प्रमाणकानुसार १४० अंशही चालतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइलमध्ये वाफ धरते, पेडल तळाला जाते. पुढे सगळे थंड होते, वाफ जिरते आणि दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याच्या पायाला पेडल अगदी घट्ट लागते. खरे बोलणारा चालक तिथे खोटा ठरतो. म्हणून कोणी टॉप-अप करण्याआधी ऑइलचा नमुना घेतलाच पाहिजे. टाकीतला वेगळा, चाकाच्या ब्लीडरमधला वेगळा, कोरड्या बाटलीत, हवाबंद. मात्र ब्लीडरला पाना लावण्यापूर्वी पेडल किती खाली जाते ते मोजा. एकदा तो उघडला की ती अवस्था पुन्हा मिळत नाही.

'ब्रेक लागलाच नाही' या जबाबावर थांबू नका. पेडल तळाला गेले की जड झाले, हे विचारा. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे घसरली असेल, तर बूस्टरमधली निर्वात पोकळी एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल जड होते. ब्रेकमध्ये बिघाड नसतोच. पेडल नेहमीसारखे लागूनही गाडी घसरत राहिली असेल, तर चिखल पाहा. टायरच्या नक्षीचा स्वच्छ ठसा असेल तर चाक फिरत होते. नक्षी पुसून सरळ चर पडला असेल तर ते जाम झाले होते, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक लागला होता. एबीएस असलेल्या गाडीत मात्र हा ताळा जपून लावा. कारवीच्या खुंटात अडकून होज फाटला असेल, तर ऑइलचा माग अपघाताच्या जागेच्या अलीकडे सापडतो. एक सर आली की हे सारे धुऊन जाते.

ट्रान्सफर केसच्या लिव्हरचेही तसेच. ती न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअर पहिला असूनही इंजिनाचा अटकाव चाकांपर्यंत पोहोचत नाही. पण टोइंगवालाही गाडी ओढण्यासाठी लिव्हर न्यूट्रललाच टाकतो. मग गॅरेजमध्ये दिसलेला न्यूट्रल नेमका कोणाचा?

वेळ आधीच कमी असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३६ नुसार तपासणीसाठी हलवलेली गाडी सोपस्कार आटोपून चोवीस तासांत परत द्यायची असते. शिवाय यांत्रिक दोषाची सबब सिद्ध करण्याचा भार मालकावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले आहे: योग्य ती काळजी घेऊनही दोष लपलेलाच राहिला, हे त्याला दाखवावे लागते. आपला एका ओळीचा शेरा त्याला तारतो किंवा बुडवतो, आणि जखमींच्या भरपाईचा वादही त्याच ओळीभोवती फिरतो.

आडरानात पोहोचायला वेळ लागतोच. तेव्हा बोलावण्याचा फोन येताच पलीकडच्या माणसाला सांगा: जखमींना आधी हलवा, नंतर गिअर व ट्रान्सफर लिव्हर, ऑइलची टाकी आणि चारही चाकांमागच्या खुणा यांचे फोटो काढा, आणि टोइंगवाल्याला थोपवून धरा.