एमआरआयची फिल्म वाचताना

गेल्या वैशाखात आमच्या सौभाग्यवतींच्या कमरेचा एमआरआय काढला. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकतीला 'फुगवटा' आहे, हे अहवालात वाचताच घरात धावपळ उडाली. मेहुण्यांनी त्याच संध्याकाळी मुंबईला शस्त्रक्रियेची चौकशी आरंभली. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून फुगवटा डावीकडे असल्याचे सर्वांना दाखविले. कळही डाव्याच पायात होती. हिशेब जुळला, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी भाची घरी आली. ती रेडिओलॉजिस्ट आहे. तिने सांगितले, "मामा, आडव्या छेदाच्या चित्रात रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. रुग्ण उताणा निजला आहे व आपण त्याच्या पायांकडून पाहतो आहोत, असे समजा." म्हणजे फुगवटा उजवीकडे आणि कळ डावीकडे! अहवालातही 'किंचित उजवीकडे' असे स्पष्ट छापलेले होते. कर्जप्रकरणांतील बारीक अक्षरे वाचण्यात आयुष्य घालविलेल्या मला ते दिसले नव्हते.

मग तिने रंगांची ओळख करून दिली. टी-१ चित्रात चरबी पांढरी व पाणी काळे. टी-२ मध्ये पाणी पांढरे. एकाच व्यवहाराच्या रोजमेळ व खतावणी अशा या दोन वह्याच म्हणाव्यात. मणक्यांच्या नळीतील द्रव ज्यात शुभ्र दिसतो ते टी-२, ही सोपी खूण. निरोगी चकतीचा गाभा त्यात उजळ दिसतो. वयाबरोबर तिच्यातील पाणी घटते व ती काळवंडते. केसांचेही तसेच, फक्त रंग उलटा!

१९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतील ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. हे ऐकून मेहुण्यांनी फोन खाली ठेवला.

पायातील शक्ती घटली, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरील ताबा गेला, तर मात्र असे चित्र न्याहाळत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे, असे तिने बजावले. सुदैवाने तसे काही नव्हते. "फुगवटा उजवीकडे, मग दुखणे डावीकडे कसे?" एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, पायांची ताकद व संवेदना तपासली आणि सहा आठवड्यांचे व्यायाम लिहून दिले. कळ पूर्णपणे गेलेली नाही. पण मंदिराच्या पायऱ्या सौभाग्यवती आता कठड्याला हात न लावता चढतात.