आधी ‘जुगारी’ वाचा

‘गुन्हा आणि शिक्षा’चा जाडजूड खंड पाहून दस्तयेव्हस्कीला लांबूनच नमस्कार करणाऱ्यांनी आधी त्याची ‘जुगारी’ ही छोटी कादंबरी हातात घ्यावी. तिचा जन्मच मुळी पैशांच्या पेचातून झाला. कर्जात बुडालेल्या दस्तयेव्हस्कीने स्टेलोव्स्की या प्रकाशकाकडून तीन हजार रूबल उचलले होते. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोराच. मग अ‍ॅना स्नित्किना ही वीस वर्षांची लघुलेखिका आली आणि २६ दिवसांत कादंबरी सांगून, लिहून पुरी झाली. (पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्नही झालं.) बेरकी स्टेलोव्स्की ऐनवेळी गावाबाहेर! तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पावती घेतली गेली. एवढ्या घाईतही पुस्तकातली आजी अफलातून उतरली आहे. इस्टेटीवर डोळा ठेवून घरचे जिच्या मरणाच्या तारेची वाट पाहत असतात, ती म्हातारी स्वतःच रशियाहून जर्मनीत येऊन थडकते, खुर्चीत बसून थेट रूलेटच्या टेबलापाशी जाते, आधी भरघोस जिंकते आणि मग वारसदारांच्या डोळ्यांदेखत सगळं उधळून बसते.