विश्लेषण : किनारा दाखवणार, पण पोहू देणार नाही! थायलंडच्या ‘माया बे’चे नियम असे का?

मुंबईहून फुकेतला थेट विमाने आहेत आणि नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. २०२४ या एका वर्षात २० लाखांहून अधिक भारतीय तिथे जाऊन आले. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात एक दिवस बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे ‘फी फी आयलंड’ची एक दिवसाची सहल. सकाळी सातच्या सुमारास हॉटेलवर गाडी, मग स्पीडबोट, दुपारचे जेवण बेटावर आणि संध्याकाळी परत. या सहलीचा मुख्य ऐवज म्हणजे ‘माया बे’. मात्र तिथे पोहोचल्यावर अनेकांची निराशा होते. पैसे भरून, तासभर समुद्र कापून आलेल्या मुलांना पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ दिले जात नाही. पुढे गेले की सुरक्षारक्षकाची शिट्टी वाजते. हा नियम का आला आणि त्याने नेमके काय साधले?

‘माया बे’ कुठे आहे?

अंदमान समुद्रात, थायलंडच्या क्राबी प्रांतात फी फी नावाची बेटे आहेत. त्यातले मोठे फी फी डॉन. तिथे गाव, हॉटेले, बाजार सगळे आहे. त्याच्या दक्षिणेला फी फी ले हे छोटे बेट. तिथे गाव नाही, हॉटेल नाही. चुनखडीचे उभे कडे आणि त्यांच्या कुशीत शिरलेली उथळ खाडी, तीच माया बे. पांढऱ्या वाळूची पट्टी जेमतेम अडीचशे मीटर लांब. हा सगळा परिसर राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

या पट्टीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती ‘द बीच’ या चित्रपटामुळे. डॅनी बॉयल यांचा, लिओनार्डो डिकॅप्रियोची भूमिका असलेला हा चित्रपट २००० साली आला. कथा अशी की काही तरुणांना जगापासून लपलेला एक अस्पर्श किनारा सापडतो. प्रत्यक्षात १९९९ मध्ये चित्रीकरणासाठी तो किनारा ‘अधिक सुंदर’ करण्यात आला. वाळूचे उंचवटे सपाट केले, तिथली मूळ झुडपे काढली आणि नारळाची झाडे लावली. उंचवटे आणि झुडपे यांनीच वाळू धरून ठेवलेली असते, त्यामुळे किनाऱ्याची धूप झाल्याची तक्रार झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या वादाचा शेवट सप्टेंबर २०२२ मध्ये झाला. चित्रपट कंपनीने किनाऱ्याच्या पुनरुज्जीवनासाठी १ कोटी बाथ देण्याचे मान्य केले. तोवर खरे नुकसान चित्रपटाने नव्हे, तर चित्रपट पाहून आलेल्यांनी करून ठेवले होते.

किनारा बंद का करावा लागला?

२०१८ पर्यंत माया बेवर गर्दीच्या दिवशी पाच-सहा हजार लोक उतरत. अडीचशे मीटरच्या पट्टीवर पाच हजार, म्हणजे किनाऱ्याच्या दर मीटरमागे दिवसाला २० माणसे. त्या वेळच्या छायाचित्रांत वाळूपेक्षा बोटींची टोकेच जास्त दिसतात.

पण माणसांपेक्षा मोठा प्रश्न बोटींचा होता. रोज सुमारे २०० बोटी थेट खाडीत शिरत. खाडी उथळ, तळाशी प्रवाळ. नांगर टाकला की प्रवाळाच्या फांद्या मोडतात. ओहोटीला बोटीचा तळ घासतो. पंख्याने तळाचा गाळ ढवळला की तो प्रवाळावर बसतो. प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा, पण प्राण्यांची वसाहत असलेला जीव आहे. त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. गाळाने प्रकाश अडला की ही रसद तुटते. त्यात डिझेलची आणि अंगाला फासलेल्या सनस्क्रीनची भर. फांद्यांसारखा प्रवाळ अनुकूल स्थितीत वर्षाला साधारण दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तर गोट्यासारखा प्रवाळ जेमतेम सेंटीमीटरभर. म्हणजे नांगराने एका मिनिटात मोडलेले भरून यायला काही वर्षे, कधी काही दशके लागतात.

कासेत्सार्ट विद्यापीठातील सागरी जीवशास्त्रज्ञ थोन थमरोंगनावासावत यांच्यासारखे तज्ज्ञ बंदीची मागणी लावून धरत होते. अखेर १ जून २०१८ पासून किनारा बंद झाला. घोषणा फक्त चार महिन्यांची होती. चार महिन्यांनी पाहणी झाली तेव्हा एवढा अवधी पुरणार नाही हे स्पष्ट झाले आणि बंदी बेमुदत वाढवली गेली. सहल कंपन्यांचा विरोध होताच, आणि तो समजण्यासारखाही होता. हे उद्यान देशातल्या सर्वाधिक कमाई करून देणाऱ्या सागरी उद्यानांपैकी आहे आणि बोटवाले, गाईड, फी फी डॉनवरचे खाणावळवाले यांचा हंगाम त्यावर चालतो. पुढे २०२० मध्ये करोना आला आणि पर्यटनच थांबले. किनारा पुन्हा उघडला तो थेट १ जानेवारी २०२२ रोजी. साडेतीन वर्षांच्या या विश्रांतीतला मोठा भाग महासाथीने दिला, हे विसरून चालणार नाही. पर्यटक दारात रांग लावून उभे असते, तर सरकारने इतका धीर धरला असता का, ही शंका रास्त आहे.

पोहायला मनाई कशासाठी?

बंदीच्या काळात खाडीत ‘ब्लॅकटिप रीफ शार्क’ परतले. पंखाच्या टोकाला काळा ठिपका असलेला हा शार्क मोठा झाला तरी साधारण दीड मीटरचा. कोकणच्या बाजारात मुशी म्हणून विकली जाणारी मासळी याच जातकुळीतली. हा शार्क अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो आणि एका वेळी मोजकीच पिल्ले होतात. ही पिल्ले वाढतात ती उथळ पाण्यात, कारण मोठे शिकारी मासे तिथवर येत नाहीत. म्हणजे पर्यटकांना डुंबायला हवे असलेले कमरेएवढे पाणी आणि पिल्लांचे पाळणाघर या दोन्हींची जागा नेमकी एकच.

त्यामुळे ‘शार्क आहेत म्हणून पोहू देत नाहीत’ हे खरे असले तरी त्याचा अर्थ बहुतेक जण उलटा घेतात. नियम माणसांना शार्कपासून वाचवण्यासाठी नाही. हा शार्क बुजरा आहे, माणसाची चाहूल लागली की दूर पळतो. रोज शेकडो माणसे पाण्यात उतरली की तो खाडीच सोडतो. २०१८ पूर्वी तसेच झाले होते.

आता सहलीत काय बदलले?

सर्वांत महत्त्वाचा बदल बोटींचा. कोणतीही बोट आता माया बेमध्ये शिरत नाही. बेटाच्या मागच्या बाजूला लो समाह खाडीत तरंगता धक्का बांधला आहे. तिथे उतरायचे आणि लाकडी पायवाटेवरून झाडीतून चालत किनाऱ्यावर यायचे. मुक्काम साधारण तासाभराचा. एका फेरीत ३७५ लोक अशी मर्यादा ठरवण्यात आली. आणि दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर किनारा पूर्ण बंद.

शुल्क परदेशी प्रौढांना ४०० बाथ आणि मुलांना २०० बाथ. आई-वडील आणि दोन मुले असे कुटुंब असेल तर १,२०० बाथ, म्हणजे तीन हजार रुपयांहून अधिक. अनेक पॅकेजमध्ये ही रक्कम धरलेली नसते, ती धक्क्यावर रोख मागितली जाते आणि तिथे वाद होतात. थाई नागरिकांना हेच शुल्क ४० बाथ आहे. यावर नाराजी व्यक्त करणाऱ्यांनी घारापुरीच्या लेण्यांचा फलक आठवावा. तिथे भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये आहेत.

सनस्क्रीनचाही नियम आहे. प्रवाळाला घातक ठरणारी चार रसायने असलेली क्रीम थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी उद्यानांत बंद केली. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली दोन नेहमी आढळणारी. दंड एक लाख बाथपर्यंत होऊ शकतो. प्रत्येकाची बॅग कोणी तपासत नाही, पण डबीवरची नावे घरूनच वाचून निघणे सोपे. मुलांना लांब बाह्यांचा स्विमिंग शर्ट घातला तर क्रीम फारशी लागतच नाही.

मर्यादा पुरेशी आहे का?

३७५ हा आकडा छोटा वाटतो. पण तो एका फेरीचा आहे. दिवसभरात अशा दहा फेऱ्या धरल्या तरी ३,७५० माणसे होतात. पूर्वीच्या पाच-सहा हजारांच्या तुलनेत ही घट आहे, पण किनारा रिकामा झाला असे म्हणण्याजोगी नाही. म्हणजे खाडी सावरण्याचे श्रेय माणसे कमी करण्याला कमी आणि बोटी बाहेर ठेवण्याला जास्त द्यावे लागेल. इतर ठिकाणी हा धडा क्वचितच घेतला जातो. फिलिपिन्सने २०१८ मध्ये बोराकाय बेट सहा महिने बंद केले. तिथे मुख्य दुखणे थेट समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याचे होते, म्हणून उपायही गटारे आणि बांधकामे यांवर झाला. ‘गर्दी’ हा शब्द दोन्हीकडे वापरला गेला, पण रोग वेगळे होते.

दुसरी अडचण अशी की मर्यादा एका किनाऱ्याला आहे, सहलीला नाही. माया बेवर पोहता येत नाही म्हणून बोटवाले पर्यटकांना त्याच बेटाच्या पिले लगूनमध्ये, नाहीतर बांबू बेटावर पाण्यात उतरवतात. मुलांचा हट्ट तिथे पुरा होतो. नांगर, इंजिने आणि सनस्क्रीन यांचा भारही तिकडे सरकतो. शिवाय समुद्राचे वाढते तापमान कोणत्याही धक्क्यावर थांबत नाही. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर असे चौथ्यांदा घडत असल्याचे जाहीर केले. नांगरापासून वाचवलेला प्रवाळ उन्हाळ्यात मरू शकतो. त्याला निदान एकाच संकटाशी झुंजावे लागावे, एवढेच उद्यानाच्या हाती आहे.

कुटुंबाने कोणते महिने टाळावेत?

अंदमान समुद्रावर साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे असतात आणि समुद्र खवळलेला असतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटक बोट वादळी समुद्रात बुडून ४७ चिनी पर्यटकांचा मृत्यू झाला, त्यात लहान मुलेही होती. पावसाळ्यात सहल स्वस्त मिळते ती यामुळेच. वातावरण बिघडल्याचा इशारा असेल तर पैसे परत मिळणार का, हे आधी विचारावे आणि मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का, हे बोट सुटण्यापूर्वी पाहावे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत शांत, अर्थात तेव्हाच गर्दीही सर्वाधिक. भारतीय शाळांची उन्हाळी सुट्टी संपता संपता तिकडे पाऊस सुरू झालेला असतो. दिवाळी ऑक्टोबरमध्ये लवकर आली तर किनारा नुकताच उघडलेला असतो, पण समुद्र निवळलेला असेलच असे नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही ‘फी फी’च्या सहली विकल्या जातात आणि जाहिरातीत छायाचित्र माया बेचेच असते. त्या दिवसांत बोट खाडीच्या तोंडाशी, तरंगत्या खुणांच्या बाहेर थांबते, लांबून फोटो काढू देते आणि पुढे निघते. पैसे भरण्याआधी ‘माया बेवर उतरवणार की नुसते दाखवणार?’ आणि ‘उद्यानाचे शुल्क यात धरले आहे का?’ हे दोन प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून घेतलेले बरे.