तुटक रेघेची वाट

गावातली वाट कुणाच्या बापाची, याचा जवाब कागदावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० : जो सार्वजनिक रस्ता कुणाच्या खाजगी मालकीचा नाही, तो सरकारचा. मग पारोळा असो की धुळं, वस्तीतून मसणवटीकडं जाणारी पायवाट नांगराखाली जाते कशी? नांगर त्यांचा, बांध त्यांचा आणि नकाशा आपण कधी उघडलेलाच नाही, म्हणून.

गंमत बघा. शिवेचं भांडण लागलं की साक्ष महाराची. दगड कुठं पुरलाय ते त्यालाच ठाऊक. इंग्रजांनी खानदेशात मोजणी आणली तेव्हा १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोलकडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं. बंड मोडलं, मोजणी झालीच. ज्यांनी गावाची शीव पाठ केली, त्यांच्याच मढ्याला वाट नाही! १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, बरं झालं, ती गुलामीच होती. पण शिवेची माहितीही तिच्यासोबत टाकून द्यायची काय?

सुरतेला, भिवंडीला, मुंबईला पोट भरणाऱ्या पोरांनो, सुटीत गावी जाल तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज टाका. पण सहा महिन्यांच्या आत. रेघच नसेल तर म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. वहिवाट हाही पुरावा आहे. आणि जातीमुळं रस्ता किंवा मसणवटी अडवणं हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

इंग्लंडात १९३२ साली मँचेस्टरकडची कामगार पोरं जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या डोंगरावर चढली. पाच जण तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्यानं तिथं पायवाटांचे नकाशे करणं सरकारी काम झालं. त्यांना मोकळी हवा हवी होती. आपल्याला मढं न्यायचंय.

नुसत्या कागदानं मात्र काही होत नाही. महाडचं तळं नगरपालिकेच्या ठरावात १९२४ लाच खुलं झालं होतं. पाण्याला हात लागला २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांमागं हजारो पाय चालले तेव्हा.

नकाशा खिशात घाला. रेघेवरून चाला. एकटे नका, वस्ती घेऊन चाला.