वाळवंटाला नावे ठेवणारे आपण

आखातातून सुटीवर आलेल्या माणसाला 'तिकडचे काय वर्तमान?' असे विचारावे, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. 'तिकडे काय, नुसती वाळू! पैसा आहे म्हणून राहायचे.' वसईच्या वाडीत, रहाटाच्या आवाजात आणि केळीच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या तोंडून हे उद्गार निघाले तर नवल नाही. परंतु ते ऐकून ऐकून ते खरेच आहेत असे आपण धरून चाललो आहोत. मला ते अर्धवट वाटतात, आणि ज्या भूमीने आपल्या कितीतरी कुटुंबांची घरे उभी केली तिच्याविषयी ते कृतघ्नपणाचेही वाटतात. म्हणून हे भांडण.

प्रथम आकडे पाहू. वसईच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. दुबईत वर्षभरात 100 मिलिमीटरही धडपणे पडत नाही. साऱ्या अरबी द्वीपकल्पात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. आणि जेव्हा आभाळ फाटते तेव्हा कसे फाटते, हे 16 एप्रिल 2024 रोजी सर्वांनी पाहिले. त्या वेळी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनजवळच्या एका ठिकाणी 24 तासांच्या आत 254 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. नोंदी ठेवू लागल्यापासूनच्या 75 वर्षांत असा पाऊस झाला नव्हता. विमानतळ पाण्याखाली गेला. एवढ्या लहरी आभाळाखाली माणसे हजारो वर्षे राहिली, त्यांनी खजूर पिकवला, लेकरे वाढवली. त्यांना हे कसे जमले, हा प्रश्न तिकडे वीस-वीस वर्षे काढून आलेल्यांपैकी कितीजणांना पडला?

त्याचे एक उत्तर 'फलज' या शब्दात आहे. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जमिनीत ओल सापडते, तिथे एक खोल विहीर खणायची. तिच्यापासून गावापर्यंत अगदी अल्प उताराचा भुयारी पाट काढायचा, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने चालत येते. वाटेत उन्हाने आटत नाही. गावाशी पोहोचले की पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, मग अंगधुणीचा आणि सर्वांत शेवटी बागांचा. बागेतील वाटे वेळेवर मोजतात, दिवसा शंकूच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. ओमानमध्ये असे सुमारे 3000 फलज आजही वाहते आहेत, आणि त्यांपैकी पाच 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या पाण्यावर वाढलेल्या बागेत वर खजुराचे छत्र, त्याखाली लिंबू, केळी, कुठे आंबाही, आणि तळाशी गुरांसाठी लसूणघास. वसईकर वाचकहो, ही रचना तुम्हांला ओळखीची वाटत नाही काय? माडाखाली केळ आणि केळीच्या आडोशाला पानवेल, हीच ती वाडी. 'नुसती वाळू' म्हणणाऱ्या माणसाला आपल्या आजोबांची वाडी परक्या मुलखात भेटली होती. त्याने मोटारीची काच खाली केली नाही, एवढेच.

'आम्ही तिथे जुळवून घेतले' असे आपली मंडळी अभिमानाने सांगतात. कशाशी जुळवून घेतले? वातानुकूलित घरातून वातानुकूलित मोटारीत, तिथून कचेरीत, कचेरीतून बाजारात. मनुष्यदेहाला उष्णतेची सवय होण्यास, रोज थोडेथोडे उन्हात वावरल्यास, एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय मोडायलाही फार दिवस लागत नाहीत. म्हणजे ज्याने वीस वर्षे यंत्राच्या गारव्यात काढली, त्याच्या देहाने वाळवंटाशी दोन आठवड्यांचाही परिचय करून घेतलेला नसतो. भर उन्हाच्या देशात राहून हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडल्याच्या तक्रारी तिकडे सर्रास आढळतात, याचे कारण याहून वेगळे शोधायला नको. ऐन ऑगस्टमध्ये दुपारी बाराला रस्त्यावर फिरा, असे मी म्हणत नाही. तो वेडेपणा होईल. त्या भूमीची माणसे पहाटे आणि सूर्यास्तानंतर कामे उरकत, दुपारी पडून राहत, सैल पांढरा अंगरखा घालत, खजूर आणि ताक घेत. घराला जाड भिंती, मध्ये अंगण आणि वर वारा पकडणारा 'बर्जील' असे. दुबईच्या खाडीकाठी अल फहीदी भागात हे वाराधरे मनोरे आजही उभे आहेत. आपण ते पाहायला जातो, समोर उभे राहून छायाचित्र काढतो, आणि परत येऊन गावी चहूबाजूंनी काचा लावलेला बंगला बांधतो, ज्यात एप्रिलपासून यंत्रावाचून श्वास घेता येत नाही!

खरे जुळवून घेणारे वेगळेच आहेत. ते इमारतींच्या परातींवर, रस्त्यांच्या डांबरावर आणि नळांच्या चरांत आहेत, आणि त्यांचे जुळवून घेणे त्यांना कोणी विचारून झालेले नाही. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार अशी आहे. हे नियम चांगले आहेत. परंतु साडेतीनला ऊन संपत नाही, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने संध्याकाळही देहाला सोडत नाही. दुबईतील कामगारांच्या एका मोठ्या वस्तीला लोक 'सोनापूर' म्हणतात. मुंबईकर मराठी माणसाला सोनापूर म्हणजे काय हे सांगायला नको. ज्याने हे नाव रूढ केले त्याला ते ठाऊक नसावे, अशी आशा आहे. आपल्या मंडळांच्या स्नेहसंमेलनांत 'वाळवंटातील खडतर जीवन' या विषयावर भाषणे होतात. ती करणारे क्वचितच त्या वस्तीतले असतात.

आता हिरवळीविषयी. 'आम्ही वाळवंट हिरवे केले' या वाक्याला आपल्याकडे टाळ्या पडतात, आणि कोणी उत्साही मनुष्य यशयाच्या ग्रंथाचा दाखलाही देतो. यशया ज्या फुलणाऱ्या ओसाड भूमीविषयी बोलतो, ती देवाच्या भेटीने फुलते. तिथे नळी घेऊन उभा असलेला बंगल्याचा मालक मला तरी आढळला नाही. वाळवंटातील उन्हाळ्यात एका चौरस मीटर हिरवळीला दिवसाला 10 लिटरच्या आसपास पाणी लागते. पन्नास चौरस मीटरचे अंगण म्हणजे रोजचे 500 लिटर. सार्वजनिक बागांना बहुधा शुद्ध केलेले सांडपाणी घालतात, हे त्या सरकारांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण घरच्या नळाचे पाणी हे समुद्राचे गोडे केलेले पाणी असते. नव्या पद्धतीच्या कारखान्यातही 1000 लिटर पाणी गोडे करायला 3 ते 4 युनिट वीज जाते, जुन्या पद्धतीत त्याहून पुष्कळ अधिक, आणि मागे उरलेले दाट खारे पाणी पुन्हा त्याच आखातात सोडले जाते. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला तो त्या दिवसापुरता. साठवून ठेवला त्याला किडे पडले. वाळवंटाचा कायदा तो हाच. आपल्या धर्मग्रामांत संत अंतोनी म्हटले की पादुआचे आठवतात. पण त्यांच्याही आधी, तिसऱ्या-चौथ्या शतकांत, इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले एक संत अंतोनी होऊन गेले. इतरांवर भार नको म्हणून त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीचा लहानसा तुकडा पेरला. तुकडा झऱ्याच्या मापाचा होता, हौसेच्या नव्हे.

आणि तिथे काही उगवत नाही, हे तरी खरे आहे का? अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष 'घाफ' आहे. 2008 साली त्याला हा मान मिळाला. त्याची मुळे 30 मीटरपर्यंत खोल जातात, उंट त्याचा पाला खातात, माणसे त्याच्या सावलीत बैठक भरवतात. हा घाफ म्हणजे आपली शमी! महाराष्ट्रातल्या पोराला दसऱ्यामुळे आणि पांडवांनी शस्त्रे लपवली त्या कथेमुळे जिचे नाव ठाऊक आहे, तीच ही सौंदड. शब्दांचेही तसेच. आपला शेतकरी ज्या खरीप-रब्बीवर वर्ष मोजतो ते दोन्ही शब्द अरबी ऋतूंची नावे आहेत, आणि ओमानच्या सलालाह भागात जून ते सप्टेंबर धुके आणि रिमझिम उतरते त्या हंगामाला आजही 'खरीफ' म्हणतात. आपली मंडळी पावसाच्या ओढीने तिकडे मोटारी घेऊन जातात. परत येऊन सांगतात, 'अगदी वसईसारखे!' वसईसारखे आहे म्हणून चांगले. ते स्वतःसारखे आहे म्हणून चांगले असे कधी म्हणाल?

मिसरातील काकड्या, खरबुजे, कांदा-लसूण आठवून रडणाऱ्या इस्राएल लोकांचा वृत्तांत आपण उपवासकाळात ऐकतो. घरची आठवण येणे पाप नव्हे. पण ज्या मुलांचा जन्म तिकडे झाला, जी दुबईच्या संत मारिया चर्चमध्ये प्रथम कम्युनियन घेतात, त्यांना आईबाप रोज सांगतात, की ही जागा खोटी, खरी जागा ती तिकडची. गावी आणल्यावर त्या मुलांना डास, चिखल आणि वीज जाणे दिसते. मग ती दोन्हीकडे पाहुणीच राहतात.

'आम्ही चार वर्षांसाठी आलो, शिकून काय करायचे?' हा आक्षेप मला ठाऊक आहे. चार वर्षांसाठी गेलेले तीस वर्षांनी परतलेले प्रत्येक वाडीत आहेत. आणि शिकला असता तर ते इथेच उपयोगी पडले असते. अल ऐनच्या फलजांचे पाणी का आटले? पंप आले, आणि फलज देईल तेवढेच घेण्याची सवय सुटली. आज त्यांतील कित्येकांत विहिरींचे उपसलेले पाणी सोडावे लागते. रहाटाचा बैल विहिरीच्या आधी थकत असे. आपल्या पंपाला थकवा नाही. वाडवडिलांनी वाड्यांच्या मध्ये बावखले खणली ती पावसाचे पाणी जिरावे आणि समुद्राचा खार दूर राहावा म्हणून. अशी कितीतरी बावखले भराव टाकून बुजवण्यात आली, वर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या भरावात आखाताचा पैसाही आहे. पाण्याच्या टँकरविरुद्ध वसईत ज्या पिढीने मोर्चे काढले, तिच्याच घरांतून हा पैसा आला आहे. पुढच्या मे महिन्यात सुटीवर येणाऱ्यांनी आपल्या वाडीतले बावखल कुठे होते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे. ती जागा दाखवू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.