द्वंद्वयुद्ध नव्हे, वध : ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गाविषयी

‘इलियड’च्या चोवीस सर्गांना प्राचीन परंपरेने शीर्षके दिलेली आहेत. ती होमरची नव्हेत, उत्तरकालीन आहेत. पण त्यांत एक वाचन दडलेले आहे. तिसऱ्या सर्गाच्या शीर्षकात पॅरिस व मेनेलेअस यांच्या ‘मोनोमाखिया’चा, म्हणजे दोघांनीच लढावयाच्या युद्धाचा, निर्देश आहे. सातव्यात हेक्टर व एजॅक्स यांच्या संदर्भात तोच शब्द येतो. बाविसाव्या सर्गाचे शीर्षक मात्र ‘हेक्टरची अनाइरेसिस’, म्हणजे हेक्टरचा अंत, असे आहे. प्राचीनांना जाणवलेला हा भेद आधुनिक समीक्षेला जाणवत नाही. अकिलीसने हेक्टरला द्वंद्वयुद्धात मारून पॅट्रोक्लसचा सूड घेतला, हे विधान पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत बिनदिक्कत वावरते. त्यातील ‘द्वंद्वयुद्ध’ हा शब्द चुकीचा आहे आणि ‘सूड’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही.

होमरच्या जगात द्वंद्वयुद्ध हा करार असतो. तिसऱ्या सर्गात मेंढ्यांचा बळी देऊन शपथा घेतल्या जातात, त्यासाठी वृद्ध प्रायमला रणभूमीवर आणले जाते; हेक्टर आणि ओडिसियस जागा मोजतात व शिरस्त्राणात चिठ्ठ्या टाकून पहिला भाला कोणाचा ते ठरवतात. सातव्या सर्गात आव्हान देतानाच हेक्टर अट घालतो : जेत्याने शस्त्रे घ्यावीत, प्रेत मात्र अंत्यसंस्कारासाठी परत करावे. रात्र होताच दोन्ही पक्षांचे दूत लढत थांबवतात. हेक्टर रुप्याच्या खिळ्यांनी मढवलेली तलवार देतो, एजॅक्स जांभळा कमरपट्टा देतो, आणि दोघे परततात. हिंसेला कुंपण घालणारी ही संस्था आहे. ती यशस्वी होते असे नाही. पत्नी पळवली गेलेला मेनेलेअस आणि तिला पळवणारा पॅरिस समोरासमोर येतात तेव्हा सूड आणि करार यांचा मेळ जुळण्याची सर्वांत मोठी संधी असते. नेमकी तीच फसते. मेनेलेअसची तलवार तुटते, अफ्रोडाइटी पॅरिसला उचलून शयनगृहात नेऊन ठेवते, आणि चौथ्या सर्गात पांडारसच्या बाणाने शपथ मोडते.

बाविसाव्या सर्गात यांपैकी काय आहे? हेक्टर तटाबाहेर एकटा थांबतो खरा, पण अकिलीस जवळ येताच पळत सुटतो. ट्रॉयभोवतीच्या त्या तीन फेऱ्यांविषयी कवी बजावून सांगतो की ही बक्षिसाची शर्यत नव्हे. पणाला लागला आहे तो हेक्टरचा प्राण. हेक्टर थांबतो तोही अथीनाने डेइफोबस या त्याच्या भावाचे रूप घेऊन फसवल्यामुळे. थांबल्यावर तो सातव्या सर्गातील अटच पुन्हा मांडतो. अकिलीस ती फेटाळतो : सिंह आणि माणूस यांच्यात शपथा नसतात. अकिलीसचा पहिला भाला चुकतो, तो अथीना हेक्टरच्या नकळत त्याच्या हाती परत देते. हेक्टरचा भाला ढालीवरून उडतो, तेव्हा दुसरा देणारा कोणी नसतो. अकिलीस इतर ग्रीकांना भाले फेकू नका असे खुणावतो, यात काहींना द्वंद्वाचा नियम दिसतो. त्याचे कारण संहितेतच दिले आहे : कीर्ती दुसऱ्या कोणाला मिळू नये. त्यात न्याय्यतेचा प्रश्नच येत नाही. हेक्टर पडल्यावर तेच ग्रीक भोवती जमून प्रेताला भोसकतात, तेव्हा त्यांना कोणी अडवीत नाही.

आता सुडाकडे. सूड कोणावर? सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लसला आधी अपोलो बधिर करतो, मग युफोर्बस पाठीत भाला मारतो. हेक्टर तिसरा, आणि मरता मरता पॅट्रोक्लसच तसे त्याला सुनावतो. युफोर्बसला मेनेलेअस पुढच्या सर्गात मारतो. अठराव्या सर्गात अकिलीस स्वतःलाही दोष देतो. मित्राच्या मदतीला आपण गेलो नाही, हे त्याला सलते. म्हणजे अपराध चौघांत विभागलेला आहे. तो एका माणसाच्या गळ्यात बांधला म्हणजेच ‘सूड पूर्ण झाला’ हे वाक्य उच्चारता येते. अकिलीस ते बांधतो, कारण तो शोकाने उन्मळलेला आहे. समीक्षकाला असली कोणतीही सबब नाही.

या सुलभीकरणाला प्रतिष्ठा दिली ती मोझेस फिन्ले यांच्या १९५४ च्या ओडिसियसच्या जगावरील ग्रंथाने. वीरांची आचारसंहिता परिपूर्ण व असंदिग्ध होती, तिच्यावर वाद घालण्याचा प्रसंग कवीवर वा पात्रांवर आला नाही, असा त्यांचा दावा. पण वाद काव्यातच चालू आहे. नवव्या सर्गात एजॅक्स अकिलीसला सुनावतो की भावाच्या वा मुलाच्या मारेकऱ्याकडूनही माणसे ‘पोइने’, म्हणजे रक्तद्रव्य, स्वीकारतात आणि मारेकरी गावातच राहतो. अकिलीसच्या ढालीवर हेफेस्टसने जो खटला कोरला आहे तो याच पोइनेचा. सरळ न्याय सांगणाऱ्यासाठी सोन्याचे दोन टॅलेंट मध्ये ठेवलेले आहेत. आणि एकविसाव्या सर्गात अकिलीस नदीतून बारा ट्रोजन तरुण जिवंत पकडतो तेही पॅट्रोक्लसची ‘पोइने’ म्हणून! ज्या शब्दाने रक्तपात थांबावयाचा, त्याच शब्दाच्या नावाने बारा जण पुढे चितेवर कापले जातात. शब्दाचा अर्थ इतका उलटा फिरलेला असताना आचारसंहिता असंदिग्ध कशी म्हणावयाची?

मराठीत हा गोंधळ अधिक सहज होतो, कारण ‘द्वंद्वयुद्ध’ म्हटल्याबरोबर भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध आठवते आणि पाठोपाठ वीररस हजर होतो. तुलना निषिद्ध नाही. ती अर्ध्यावर सोडली जाते, ही तक्रार आहे. गदायुद्धात नाभीखाली प्रहार न करण्याचा नियम मान्य आहे. भीमाची प्रतिज्ञा तो मोडते आणि बलराम संतापतो. नियम आहे म्हणून अधर्माचा आरोप करता येतो. अकिलीसने नियम आधीच नाकारलेला असल्यामुळे तसा आरोप करण्यास बलराम उरत नाही. त्याच्याविरुद्ध बोलतो तो अपोलो, तोही चोविसाव्या सर्गात, आणि त्याचा आक्षेप लढण्याच्या रीतीवर नसून प्रेत फरफटत नेण्यावर आहे.

हे फरफटणे द्वंद्ववादी वाचनाला कधीच सामावून घेता आलेले नाही. वधाने सूड संपला असेल, तर पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती दिवसेंदिवस हेक्टरला ओढण्याचे प्रयोजन काय? पॅट्रोक्लसचे अंत्यसंस्कार झाले, त्याच्या सन्मानार्थ क्रीडाही झाल्या, तरी अकिलीसला झोप नाही. तिढा सुटतो तो प्रायमने आणलेल्या ‘अपोइना’मुळे, खंडणीमुळे. डॉना विल्सन यांनी २००२ मध्ये पोइने आणि अपोइना यांतील भेद सविस्तर उलगडला, तेव्हापासून तरी या प्रसंगाला केवळ करुणेचा उपसंहार समजणे अक्षम्य ठरावे. मुलाच्या मारेकऱ्याचे हात चुंबून वृद्ध राजा जे मिळवतो, ते हेक्टरने बाविसाव्या सर्गात मागितले होते : प्रेत परत मिळावे, एवढेच. ते देताना अकिलीस मृत पॅट्रोक्लसची क्षमा मागतो आणि खंडणीतला वाटा त्याला देऊ करतो. मग तो प्रायमला विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस लागतील? नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी थडगे. बाराव्या दिवशी, लढावेच लागले तर, पुन्हा लढू, असे प्रायम सांगतो, आणि अकिलीस ते मान्य करतो.